माझ्या नावानं चालणारी सर्व्हिस

अक्कांची नोकरी माझ्यामुळं गेली. हे आधीच सांगून टाकतो. शेवटपर्यंत झाकून ठेवायचं आणि मग हळूच फडकं उचलायचं, असले चाळे मला जमत नाहीत, आणि या गोष्टीत ते शोभणारही नाहीत.

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. मी मूळचा बार्शीचा. चेन्नईत वेलचेरीला एका कंपनीत सिस्टीमवाला होतो. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची सगळी हकीकत यंत्रात बोलून ठेवायचे. ते बोलणं आमच्याकडं यायचं, आमची माणसं हेडफोन लावून ऐकत ऐकत ते टाइप करायची, आणि तयार झालेला रिपोर्ट ठरलेल्या वेळेच्या आत परत जायचा. एखादा उशिरा गेला की तिकडून मेल यायचा, आणि मेल आला की दिवसभर मॅनेजरच्या तोंडाकडं बघवत नसे.

अक्का आमच्यात वयानं सगळ्यांत मोठ्या, पन्नाशी कधीच ओलांडलेल्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, शिक्षण तमिळमध्ये, आणि आधीची सगळी नोकरी एका वकिलाकडं इंग्रजी स्टेनोची. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चाटच पडलो. ऑफिसला त्या कचेरी म्हणायच्या, विचारण्याला पुसणं म्हणायच्या, आणि मधूनच तमिळ यायचं. मला तंबी म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. माझं मराठी त्यांना पेपरातल्यासारखं वाटायचं. "किती सुकं बोलतोस रे तूं," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, आणि मला राग आला होता. मला राग लवकर येतो. तेव्हा तर फारच लवकर यायचा.

आम्ही दोघंही तिरुवल्लिकेणीत राहायचो. मी एका मॅन्शनमध्ये, म्हणजे तिकडच्या ब्रह्मचाऱ्यांच्या लॉजमध्ये, एक खोली, तीन कॉट, तीन ब्रह्मचारी. त्या देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, दोन खोल्यांत, एकट्या. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. सकाळच्या गाडीला आम्ही एकाच डब्यात चढायचो. गाडी निम्मी रिकामी असायची, त्यामुळं वेलचेरीपर्यंत बसून गप्पा. "जेवलास की, तंबी?" हा पहिला प्रश्न, आणि मी नाही म्हटलं की पिशवीतून काहीतरी निघायचंच.

त्यांच्या कामाचं काय सांगू! एका हॉस्पिटलचा एक म्हातारा सर्जन होता. तो तोंडात काहीतरी चघळत बोलायचा, निम्मं वाक्य गिळायचा, मधेच नर्सवर ओरडायचा. आमच्याकडच्या चार जणांनी त्याच्यापुढं हात टेकले. अक्कांना मात्र तो शब्द न् शब्द कळायचा. पायाखालचं पेडल दाबत, टेप मागं घेत, डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "आज याचं चित्त ठिकाणावर नोहे. कुणाशीं तरी भांडून आला अहे." ते हॉस्पिटल आमच्याकडं टिकलं ते अक्कांच्या कानावर. त्या सर्जनचं सगळं काम एकट्या त्याच करायच्या.

मुलगा बंगळूरला होता. चांगला होता, तक्रारीला जागा नाही. तो आणि सून दोघंही नोकरीला, नातू लहान. दर रविवारी फोन, आई, आता पुरे, इकडं ये. अक्कांना जायचं नव्हतं. "तिकडं गेलें की मी फक्त आजी," असं म्हणायच्या. "इथें मी मी अहे." शेवटी त्यांनी मुलाशी करार करून टाकला होता आणि तो मला गाडीत मोठ्या थाटात सांगितला होता. कचेरी मला ठेवते तोंवर मला बोलावायचं नाही. ज्या दिवशीं नको म्हणेल, त्याच दिवशीं येतें. म्हणजे ती नुसती नोकरी नव्हती. त्या दोन खोल्या, ती गल्ली, सकाळची गाडी, सगळं तिच्यावरच उभं होतं. मला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर आजही स्वतःची कीव येत नाही.

आता माझ्या कामाचं थोडं सांगायलाच हवं, त्याशिवाय माझा नालायकपणा नीट कळणार नाही.

तयार रिपोर्ट तिकडं पाठवायचं काम माणूस करत नव्हता. सर्व्हरवर एक सर्व्हिस होती. सर्व्हिस म्हणजे पडद्यामागं चालणारा प्रोग्राम. मशिनवर कुणी बसलेलं असो नसो, तो आपला चालू. दर काही मिनिटांनी तो फोल्डरमध्ये डोकावायचा, तयार फाइल उचलायचा, तिला पाठवल्याची तारीख-वेळ घालून नवं नाव द्यायचा, तिकडं धाडायचा आणि जुनी पुसून टाकायचा. हातानं मेल करून रिपोर्ट पाठवायला सक्त मनाई होती. पेशंटचे कागद ते.

झालं असं, की सर्व्हरवरची जागा भरली. कंपनीनं नेटवर्कवर एक वेगळा स्टोरेजचा डबा आणून ठेवला, आणि मॅनेजर म्हणाला, सुरुवात एका हॉस्पिटलपासून कर. मी अक्कांचं हॉस्पिटल निवडलं. त्या एकट्याच काम करायच्या, शिकवायला एकच माणूस. डब्यावर त्यांचं फोल्डर केलं, ते शेअर केलं, सर्व्हरवर त्याला ड्राइव्हचं अक्षर दिलं. मी बसलो की सगळं छान दिसायचं. फोल्डर उघडतंय, फाइल उघडतेय. पण त्या फोल्डरसाठी वेगळी बसवलेली सर्व्हिस म्हणायची, असा ड्राइव्हच नाही.

तीन दिवस मी डोकं आपटलं. मग उजेड पडला. मला जो ड्राइव्ह दिसतो तो मी लॉगिन केलंय म्हणून. सर्व्हिस माझ्या लॉगिनमध्ये नसतेच. ती सर्व्हरच्या स्वतःच्या अंतर्गत अकाउंटवर चालते. त्या एका मशिनवर तिला सगळे अधिकार, अगदी माझ्यापेक्षा जास्त. पण तीच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशिनच्या दारात गेली की तिथं तिला कुणी ओळखत नाही. तू कोण, कुणाकडची, चल नीघ. तिला त्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये शिरायचं असेल तर डबा ज्याला ओळखतो असं नाव आणि पासवर्ड हवा.

याचा सरळ मार्ग मला माहीत होता. सर्व्हिससाठी वेगळं अकाउंट काढायचं. कुठल्याही माणसाचं नाही, फक्त त्या कामाचं. त्याला त्या एका शेअरची परवानगी द्यायची, आणि त्याचा पासवर्ड कधी संपणार नाही अशी सोय करायची. पण असं अकाउंट काढायचा हक्क मुख्य ऑफिसला. मी फॉर्म भरून पाठवला. उत्तर नाही. आठवण केली. उत्तर नाही. तिसऱ्यांदा केली तर उत्तर आलं की फॉर्म जुना आहे. मायला! माझं डोकं फिरलं. मॅनेजर रोज येऊन विचारतोय, झालं का, झालं का. मी सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये गेलो आणि तिथं माझं स्वतःचं युजरनेम आणि माझा स्वतःचा पासवर्ड टाकला. सर्व्हिस चालू केली. पाच मिनिटांत फाइल गेली.

असं करायचं नाही, या कागदावर नोकरीला लागताना मी सही केलेली होती. पण गंमत सांगतो, मला तेव्हा अभिमान वाटला होता. आपण अडलेली गाडी ढकलली, असं. त्या दिवसापासून अक्कांचं काम माझ्या नावानं तिकडं जायला लागलं, आणि हे माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडं दर काही आठवड्यांनी पासवर्ड बदलावा लागायचा, मशिन अडूनच बसायचं. पहिल्या वेळी मी लक्षात ठेवून सर्व्हिसमध्येही नवा पासवर्ड टाकला. दुसऱ्या वेळी बहिणीचं लग्न होतं. दुपारी सेंट्रलवरून गाडी, खांद्यावर बॅग, एक हात कीबोर्डवर. मशिन म्हणालं, पासवर्ड आजच बदला. बदलला आणि पळालो. सर्व्हिस आठवलीसुद्धा नाही. ती तेवढ्यापुरती जुन्याच ओळखीवर चालत राहिली. दोन दिवसांनी ऑफिसातली वीज गेली, यूपीएसनं मान टाकली, सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला. बाकीच्या सर्व्हिस उठल्या. ही उठताना जुना पासवर्ड दाखवायला गेली आणि दारातच अडली. बाकी सगळ्यांचे रिपोर्ट जात होते, फक्त अक्कांचे फोल्डरमध्ये पडून राहिले.

लग्नघरात मला अक्कांचा फोन आला. मांडवात बँडवाले, स्वयंपाक्याला गॅस कमी पडलेला, आणि मुलाकडची माणसं बसस्टँडवर येऊन थांबलेली. "तंबी, माझे रिपोर्ट जात नाहींत म्हणतात. मी सगळे ठेवले अहेत. जरा बघतोस की?"

मी खेकसलो. "अक्का, मी लग्नात आहे हो! फाइलचं नाव चुकलं असेल तुमचं. आधी पण चुकला होता तुम्ही."

हे खरं होतं. नवं फोल्डर झालं त्या आठवड्यात दोनदा त्या नावात हॉस्पिटलचा कोड घालायला विसरल्या होत्या, आणि चुकीच्या नावाची फाइल सर्व्हिस उचलत नसे. "नांव तर बरोबर अहे रे," अक्का म्हणाल्या. मी म्हटलं, "नाव दिसायला बरोबर असतं. शेवटी एक स्पेस जास्त पडली तरी ती फाइल घेत नाही. डोळ्याला दिसत पण नाही ती." आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं आमच्या मजल्यावरच्या सुपरवायझरचा फोन आला. तिलाही मी तेच ऐकवलं, इंग्रजीत आणि जास्त ठामपणे. सिस्टीम ठीक आहे, टाइप करणाऱ्याची चूक आहे. नाव पुन्हा टाइप करायला सांगा. अक्का चार दिवस त्या फाइलींची नावं पुन्हा पुन्हा टाइप करत होत्या. हे मला नंतर सुपरवायझरनंच सांगितलं. कोड, तारीख, नंबर. कोड, तारीख, नंबर. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत. आणि फाइली जागच्या हलत नव्हत्या.

मी आलो त्या सकाळी थेट सर्व्हरच्या खोलीत गेलो. लॉग उघडला. सर्व्हरची स्वतःची नोंदवही ती. चार दिवसांच्या लाल खुणा, एकाखाली एक. सर्व्हिस चालू होऊ शकली नाही. युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. आणि प्रत्येक ओळीत युजरनेम माझं.

सर्व्हिसमध्ये नवा पासवर्ड टाकला, चालूचं बटण दाबलं. बघता बघता सगळ्या फाइली गेल्या. गेल्या म्हणजे नवं नाव, आजची तारीख, आजची वेळ, आणि जुन्या पुसल्या. अक्कांनी ते रिपोर्ट वेळेत ठेवले होते आणि नावं बरोबर होती, याचा त्या जुन्या फाइली हाच तेवढा पुरावा होता. बटण दाबताना हे माझ्या ध्यानात आलं होतं का? मी स्वतःला हजारदा विचारलंय. कधी वाटतं, नव्हतं. कधी वाटतं, आलं होतं, चांगलं आलं होतं.

सुपरवायझर दारात आली. "गेल्या का? काय झालं होतं?"

मी म्हणालो, "नावं नीट केली."

बस्स, एवढंच. तीन शब्द. कुणी गळा धरला नव्हता माझा. खरं सांगितलं असतं तर फार तर मेमो मिळाला असता, फार फार तर नोकरी गेली असती. सव्वीस वर्षांचा होतो, दुसरी मिळाली असती. पण त्या क्षणी माझी पाचावर धारण बसली आणि तोंडातून ते निघून गेलं. एकदा निघाल्यावर ते परत गिळायला जी छाती लागते ती माझ्याकडं नव्हती.

संध्याकाळी गाडीत अक्का माझ्यासमोर बसल्या. लग्नाची विचारपूस केली, बहीण रडली की, जेवण कसं झालं. मग हळूच म्हणाल्या, "तंबी, एक पुसूं? खरंच स्पेस होती की?"

मी म्हटलं, "हो अक्का. प्रत्येकाला एकेक होती."

त्यांनी उजवा हात वर केला आणि स्पेसची कळ दाबणाऱ्या अंगठ्याकडं बघितलं. उलटा केला, सुलटा केला. "पडत असेल," असं म्हणाल्या. "न कळतां पडत असेल." तिरुवल्लिकेणी येईपर्यंत मी झोपल्याचं सोंग केलं.

मेल आलाच. हॉस्पिटलनं काम काढून घ्यायची भाषा केली. मॅनेजरला कुणाचं तरी डोकं दाखवायचं होतं, आणि ते कुणाचं ते मी आधीच ठरवून दिलं होतं. अक्कांना आत बोलावलं. तुम्ही नावं बरोबर टाइप केली होती याची तुम्हांला खात्री आहे? आठ दिवसांपूर्वी त्या म्हणाल्या असत्या, आहे. आता म्हणाल्या, "नाहीं सांगतां येत." काढून टाकलं असं कुणीच म्हणालं नाही. तब्येतीचं कारण लिहा, राजीनामा द्या, असं गोड बोलून झालं. मी माझ्या जागेवर बसून काचेतून सगळं बघत होतो. मूग गिळून. अक्का बाहेर आल्या, हेडफोन गुंडाळला, पेडल टेबलाखालून काढून पुसून वर ठेवलं. माझ्याकडं बघून हसल्या. मी मॉनिटरकडं बघितलं.

पुढचे दोन दिवस सकाळच्या गाडीला मी एकटाच होतो. तिसऱ्या दिवशी मला ते सहन होईना. उतरलो तो शेअर ऑटोही न करता चालत ऑफिसात गेलो आणि मॅनेजरच्या केबिनचं दार ढकललं. सगळं ओकलो. पासवर्ड, लग्न, वीज, लॉग, नावं नीट केली ते खोटं, सगळं. तो शांतपणे ऐकत होता. तमिळ माणूस, कामाला कडक, पण दुष्ट नव्हता. म्हणाला, लॉग दाखव.

आम्ही सर्व्हरपाशी गेलो. लॉग उघडला. त्या ओळी नव्हत्याच. सर्व्हरच्या लॉगला ठरावीक जागा असते. ती भरली की नव्या नोंदी जुन्या नोंदींवर लिहिल्या जातात. हे मलाच ठाऊक असायला हवं, आणि होतंही. मी रोज उद्या सांगू, उद्या सांगू करत होतो, आणि तेवढ्यात सर्व्हरनं माझं नाव पुसून टाकलं होतं.

मॅनेजर म्हणाला, तुला त्यांच्याबद्दल वाईट वाटतंय हे मला कळतं. पण राजीनामा मंजूर झालाय, त्यांच्या जागी दोघींना घेतलंय, आणि हॉस्पिटलला मी कारण लिहून कळवलंय. आता मी त्यांना काय सांगू, आमची सिस्टीमच भिकार आहे? मी म्हटलं, सांगा, तेच खरं आहे. तो म्हणाला, तू सर्व्हिससाठी वेगळं अकाउंट मागत होतास ना, त्याचं बघतो. त्यानं फोन उचलला. जे अकाउंट माझ्या तीन अर्जांना मिळालं नव्हतं ते त्याच दुपारी तयार होऊन आलं. रजा न घेणारं, पासवर्ड न संपणारं. मी सर्व्हिसमधून माझं नाव काढलं आणि ते घातलं. एका मिनिटाचं काम. रडू आलं मला, संतापानं रडू आलं. कुणावर संताप, ते विचारू नका.

तिथून तसाच अक्कांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. दोन्ही खोल्यांत पोती आणि खोकी. मुलगा परवा येणार होता. भांडी शेजारणीला देऊन झाली होती, पलंग विकायचा होता. अक्कांनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "ये ये. बसायला चटई तेवढी उरली अहे."

मी उभ्यानंच सांगितलं. "अक्का, स्पेस नव्हती. एकाही फाइलला नव्हती. मी खोटं बोललो. सर्व्हिस माझ्या पासवर्डवर चालत होती, तो मी बदलला आणि विसरलो. तुमची काहीसुद्धा चूक नव्हती."

त्या ऐकत होत्या. मान थोडी कलती, डोळे मिटलेले, त्या सर्जनचं बोलणं ऐकायच्या तशाच. मी सगळं पुन्हा सांगितलं, सोपं करून सांगितलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"पावम्," असं म्हणाल्या. म्हणजे बिचारा. "माझ्यासाठीं किती जीव तोडतोस रे. पण तूच गाडींत म्हणालास की, स्पेस होती म्हणून. तेव्हां तूं खोटं कशाला बोलशील? आतां बोलतोस, मी दुःखांत अहे म्हणून."

"नाही हो अक्का! देवाशप्पथ!"

"शपथ घेऊं नको. खोट्याला शपथ घेऊं नये." आणि त्या उठल्या. डब्यातला उरलेला भात मला वाढला, ताक घातलं, लोणचं दिलं. "मी चार दिवस सोन्यासारखीं नांवें टाइप केलीं, तंबी. एकेक अक्षर बघून. तरी चुकलीं. म्हणजे माझं मलाच दिसत नाहीं आतां. कळलं तें बरं झालं. एखाद्या पेशंटच्या औषधांत चूक झाली असती तर?"

मी तो भात खाल्ला. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. लॉग मागितला असता तर दाखवायला काही नव्हतं, आणि शब्दाला तर किंमत मीच ठेवली नव्हती. खरं बोललो आणि ते खोटं ठरलं, कारण खोटं आधी पोचलं होतं. दोन दिवसांनी मुलगा आला, टेम्पो आला, अक्का गेल्या. मी स्टेशनवर पोचवायला गेलो नाही, ऑफिसात होतो.

सहा-सात महिन्यांनी बंगळूरहून त्यांचा फोन आला. आवाज तसाच. जेवलास की, तंबी? लग्न कधीं करतोस? मग आपणहून सांगितलं, की मुलानं त्यांना डॉक्टरकडं नेलं होतं. त्याला वाटलं, आई हल्ली प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते, कुकरची शिट्टी मोजताना सुनेला बरोबर उभी करते. डॉक्टरनं तपासलं, वस्तू दाखवल्या, आकडे उलटे म्हणायला लावले. म्हणाला, यांना काही झालेलं नाही, स्मरण उत्तम आहे.

"मग बरं झालं की, अक्का!" मी म्हणालो.

"छे रे. मीच त्याला सांगितलं. म्हटलं, डॉक्टर, तुम्ही दहा मिनिटें बघितलं. माझ्या कचेरींत चार दिवस बघून सिद्ध झालं अहे."

त्या पुढं सांगत होत्या. नातवाची शाळेची बस खालच्या रस्त्यावर येते. त्याला आणायला कामवाली जाते. आधी अक्काच जायच्या, पण त्यांनी स्वतःच सुनेला सांगून ते बंद केलं. दुसऱ्याचं लेकरूं उचलून आणीन मी, असं म्हणून हसल्या.